सात दिवसांची सरासरी

काटेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. वजनमापे खात्यात ते चौतीस वर्षं निरीक्षक होते. त्यांनी दुकानात पाऊल टाकलं, की गल्ल्यावरचा माणूस आतल्याला हाक मारून सांगायचा, "काटेसाहेब आलेत हो!" मग आतला माणूस पारड्याच्या खाली जे काही चिकटवलेलं असेल ते ओढून खिशात टाकायचा. खिशात काय गेलं ते साहेबांना पक्कं ठाऊक असे. पण खिसा त्यांच्या अखत्यारीत येत नसे. त्यांच्या अखत्यारीत काटा येई, आणि तोवर काटा बरोबर झालेला असे.

निवृत्तीच्या दिवशी खात्यानं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते रोज चार मिनिटं मागे पडायचं. सहकाऱ्यांनी मात्र वापरातून काढलेल्या पितळी वजनांची एक पेटी दिली. घड्याळ साहेबांनी माळ्यावर टाकलं आणि पेटी दिवाणखान्यात ठेवली.

बायकोचं वजन हा त्या घरातला जुना विषय. लग्नानंतर ते वर्षाला तीन-चारशे ग्रॅमनं वाढत आलं होतं. त्यात विशेष काही नाही, सगळ्यांचंच वाढतं. फक्त सगळ्यांच्या नवऱ्यांकडे त्याची नोंद नसते. "काळजी करण्यासारखं नाही," ते चहा पिता पिता सांगत, "पण वाढ आहे." ती म्हणायची, "लोकांचे नवरे बायकोला फुलं आणतात. माझ्या नशिबी आकडे." वर्षानुवर्षं हेच बोलणं होत आलं होतं, त्यामुळे त्यात राग उरला नव्हता. उरलं होतं ते एवढंच, की पाहुण्यांच्या देखत ती दुसऱ्यांदा वाढून घेत नसे.

मग निवृत्तीच्या त्या वर्षी तिचं हृदय दमलं. जिना चढताना धाप लागली, पाय सुजले, आणि आठ दिवस इस्पितळात काढावे लागले. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवलं. बाई वयानं त्यांच्या लेकीएवढ्या, पण सांगणं ठाम.

"गोळ्या वेळच्या वेळी घ्यायच्याच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे रोज सकाळी वजन. उठल्यावर, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी. हृदय नीट ओढत नसलं की अंगात पाणी साठतं. ते डोळ्याला दिसायच्या आधी काट्याला दिसतं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं, की त्याच दिवशी आम्हाला फोन. का वाढलं, कसं वाढलं, शोधत बसू नका. एक गोळी वाढवली की भागतं. उशीर झाला तर मात्र भागत नाही. घरी काटा आहे ना?"

"अचूकतेच्या कोणत्या वर्गातला हवा?" साहेबांनी विचारलं.

निवृत्तीनंतर प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. बायकोनं ते पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

घरी आल्यावर त्यांनी पाणसळ लावून सगळ्या घरातली फरशी पाहिली आणि न्हाणीघराच्या दाराशी एक सपाट लादी शोधून काढली. तिच्यावर काटा ठेवला. काट्यावर बायकोच्या पावलांच्या खुणा खडूनं आखल्या. तिचा सकाळचा गाऊन वेगळा तोलला. तीनशे दहा ग्रॅम भरला, ते रोज वजा करायचे ठरले. नवी वही घातली.

पद्धत त्यांची जुनीच होती. बाजारातला काटा तपासताना ते एकच वजन सात वेळा ठेवत आणि सात आकडे लिहून घेत. त्यातला सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान आकडा खोडत, उरलेल्या पाचांची सरासरी काढत. खोडायचं ते लाल पेन्सिलीनं, एकाच रेघेनं, खालचा आकडा वाचता येईल असं. शेजारी सही. "एक आकडा म्हणजे अफवा," ते नव्या निरीक्षकांना सांगत, "आणि सात म्हणजे साक्ष." या पद्धतीनं त्यांनी चौतीस वर्षांत कुणावर अन्याय केला नव्हता. कुणाला घाईनं दोषी धरलं नव्हतं.

तर तीच पद्धत घरी लागू झाली. सोमवार ते रविवार सात नोंदी. रविवारी दोन खोडायच्या. सोमवारी दहाला इस्पितळातली सिस्टर फोन करायची, तिला सरासरी सांगायची.

पहिल्या आठवड्यात घरात निवडणुकीच्या निकालासारखं वातावरण असे. ती खुणांवर उभी राही, नाकासमोर बघे आणि विचारी, "किती?"

"एकसष्ट."

दुसऱ्या दिवशी, "एकसष्ट पॉइंट चार."

"चारशे ग्रॅम? एका रात्रीत? मी काय झोपेत उठून जेवले?"

"एका दिवसाच्या आकड्यावर जायचं नाही. आकडा हलतो. हलणं हा त्याचा स्वभावच आहे."

तिसऱ्या दिवशी साठ पॉइंट नऊ भरलं, तर तिला सकाळी सकाळी गाणं सुचलं. वजन शंभर ग्रॅमनं उतरलं की माणूस जग जिंकल्यासारखा चालतो आणि शंभरानं चढलं की आरशाकडे पाठ करतो, हे साहेबांनी त्या आठवड्यात प्रथमच जवळून पाहिलं. दुकानदारांचं असं होत नसे.

लेक दूर राहायची. तिचा फोन आला तेव्हा साहेबांनी तिला पहिल्या आठवड्याची सरासरी सांगितली. एकसष्ट पॉइंट दोन.

"बाबा, आई बरी आहे का ते सांगा ना."

"तेच सांगतोय."

"बाबा, आई म्हणजे दुकानातला माल नाही हो."

"मालाची कुणी इतकी काळजी घेत नाही," साहेब म्हणाले, आणि ते खरंच होतं.

दुसऱ्या आठवड्याची सरासरी आली एकसष्ट पॉइंट सात. अर्धा किलो वाढ. सिस्टर फोनवर म्हणाली, "जरा वाढतंय, लक्ष असू द्या." साहेबांनी लक्ष दिलं. त्यांच्या अनुभवात काटा बरोबर असताना वजन वाढलं, की कुणीतरी पारड्यात काहीतरी टाकलेलं असायचं. त्यांनी बायकोकडे बघितलं. चौतीस वर्षं त्यांनी ज्या नजरेनं दुकानदारांच्या खिशाकडे बघितलं होतं, त्याच नजरेनं बघितलं, इतकंच.

तिला ती नजर कळत होती. दुसऱ्या दिवसापासून तिनं ताटातलं निम्मं काढून ठेवायला सुरुवात केली.

"खा की," साहेब म्हणाले.

"नको. घरात बसून आहे नुसती. कशाला हवंय एवढं?"

साहेबांनी आग्रह केला नाही. खरं म्हणजे त्यांना बरं वाटलं. उपाय सुरू झाला होता.

शेजारी एक शिंपीणबाई राहायची. तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, ती नव्या गाऊनचं माप घ्यायला आली. तिनं टेप कमरेला लावली, सोडली, पुन्हा लावली.

"ताई, पोट तीन बोटं वाढलंय तुमचं. आणि दंड बघा, सुकून काडी झालेत. असं कसं हो? जाड होणारी बाई सगळीकडून होते. तुम्ही नुसत्या मधेच झालायत."

"जेवण तर निम्म्यावर आणलंय गं."

"आणि अशा दोन उशा पाठीला घेऊन काय बसता? आडव्या व्हा जरा."

"आडवं झालं की छाती भरल्यासारखी होते."

शिंपीणबाई साहेबांकडे वळली. "भाऊजी, डॉक्टरला दाखवा बाई एकदा. मला काही हे माप बरं वाटत नाही."

"तुमच्या टेपवर खात्याचा शिक्का आहे का?" साहेबांनी विचारलं.

"कसला शिक्का?"

"मग ते माप धरता येत नाही."

ती थट्टा समजून हसली, तिच्यामागे साहेबही हसले, आणि विषय तिथंच राहिला. शिंपीणबाईच्या टेपनं तीस वर्षांत एकही गाऊन चुकला नव्हता. पण ते वहीत बसत नव्हतं.

त्या दिवशी सकाळी वजन भरलं होतं बासष्ट. शुक्रवारी बासष्ट पॉइंट चार. शनिवारी त्रेसष्ट पॉइंट तीन.

"काल काय खाल्लंस?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्यासमोरच तर खाल्लं. अर्धी वाटी भात."

"मी बाहेर गेलो होतो तेव्हा?"

ती भिंतीला धरून काट्यावरून उतरली. त्या दिवशी तिनं दोन्ही वेळा मिळून एक केळं खाल्लं, आणि तेही त्यांच्यासमोर बसून, सोलून, दाखवून.

रविवारी सकाळी काट्यानं दाखवलं चौसष्ट पॉइंट दोन.

"किती?" तिनं विचारलं.

"थांब. उतर जरा. पुन्हा चढ."

पुन्हा चौसष्ट पॉइंट दोन. साहेबांनी तिला खुर्चीत बसवलं, दिवाणखान्यातून पेटी आणली, हातमोजे घातले आणि पितळी वजनं एकेक करून काट्यावर ठेवली. पाच, दहा, पंधरा, वीस. काटा अचूक. मग स्वतः चढले. नेहमीचेच भरले. मग पुन्हा बायकोला चढवलं. चौसष्ट पॉइंट एक. एकूण पाच वेळा ती चढली आणि उतरली. पाचव्या वेळी तिला इतकी धाप लागली, की उतरून ती तिथंच लादीवर बसली.

"सांगा ना किती ते."

साहेबांनी सांगितलं.

ती रडायला लागली. आजारपणात रडली नव्हती, इस्पितळात सुया टोचल्या तेव्हा रडली नव्हती. आता गाऊनच्या बाहीनं नाक पुसत रडत होती.

"काल दिवसभरात एक केळं खाल्लं हो मी. एक केळं! त्याचं नऊशे ग्रॅम कसं होईल? हवेवर वाढतेय की काय मी? आता काय पाणी पण सोडू?"

साहेब तिच्याशेजारी लादीवर बसले. गुडघे कुरकुरले. डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्यांना आठवत नव्हतं असं नाही. तीन दिवस, दोन किलो. गुरुवारचे बासष्ट त्यांच्या डोक्यात होते, आणि वजाबाकी त्यांना कधी कागदावर करावी लागली नव्हती. पण समोर रडणारी बाई होती आणि हातात वही होती. आणि नेमका रविवार होता. दोन आकडे खोडायचा दिवस.

"हे बघ," ते म्हणाले. त्यांनी लाल पेन्सिल काढली. "हा सगळ्यांत मोठा आहे ना? हा धरायचाच नाही. नियमच आहे तसा." आणि चौसष्ट पॉइंट दोनवर तिच्या देखत एक सरळ रेघ मारली. मंगळवारचा एकसष्ट पॉइंट सहा सगळ्यांत लहान होता, त्याच्यावरही मारली. दोन्हीकडे सही केली. "उरलेल्यांची सरासरी बघ आता. बासष्ट पॉइंट तीन. मागच्यापेक्षा फक्त सहाशे ग्रॅम. बस्स. यासाठी रडतात का कुणी?"

"खरंच?"

"चौतीस वर्षं करतोय हे."

तिनं डोळे पुसले. एवढ्या वर्षांत तिच्या वजनाच्या बाजूनं त्यांनी घेतलेला हा पहिलाच निर्णय होता. ती त्यांच्या खांद्याला धरून उठली आणि म्हणाली, "तुमच्या वहीचा पहिल्यांदाच उपयोग झाला बघा."

सोमवारी दहाला सिस्टरचा फोन आला.

"काय म्हणतंय वजन?"

"बासष्ट पॉइंट तीन. सरासरी."

"धाप वगैरे?"

साहेबांनी वळून बघितलं. ती खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत होती आणि मानेनं नाही म्हणत होती. तिला पुन्हा इस्पितळातल्या त्या खाटेवर जायचं नव्हतं. सिस्टरला ती मान दिसत नव्हती.

"थोडी," साहेब म्हणाले. "काल जरा चढउतार झाली."

"जिना?"

"तसंच काहीतरी."

"सध्या जिना टाळा," सिस्टर म्हणाली, आणि पुढच्या पेशंटला फोन लावायला गेली.

मंगळवारी तिला चप्पल होईना. बुधवारी दुपारी शिंपीणबाई नवा गाऊन घेऊन आली, तर ताई टेबलावर दोन्ही हात टेकून बसलेली, ओठ निळे, आणि श्वास असा, की नळीनं तळाचं सरबत ओढतंय कुणी. साहेब शेजारी उभे होते. हातात वही होती, ती कशासाठी घेतली ते त्यांना नंतर सांगता आलं नाही. शिंपीणबाईनं त्यांना काही विचारलं नाही. तिनंच फोन केला.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी वही मागितली. साहेबांनी ती दोन्ही हातांनी दिली. वहीत खाडाखोड नव्हती, अक्षर छापल्यासारखं होतं, गाऊनचं वजन वेगळं दाखवलेलं होतं. बाई पानं उलटत गेल्या, मग थांबल्या.

"या लाल रेघा कसल्या?"

साहेबांनी पद्धत सांगितली. सविस्तर. नव्या निरीक्षकांना सांगत तशी. शेवटी बाईंनी रविवारच्या रेघेवर बोट ठेवलं.

"इथं फोन करायचा होता, काका. गुरुवारी बासष्ट. रविवारी हे. फोनवर मी एक गोळी वाढवली असती."

"पण एका आकड्यावरून..."

"बाजारात तुम्ही तेच वजन सात वेळा ठेवत होतात ना? ते सातही वेळा तेवढंच असायचं. काकूंचं तसं नव्हतं. त्या रोज खरंच वाढत होत्या. असं चढत जाणारं असलं की सगळ्यांत मोठा आकडा म्हणजे आजचा आकडा. तुम्ही आजचा दिवसच खोडलात."

बाईंचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर साहेबांना बरं वाटलं असतं. त्यांनी वही परत घेतली. ती रेघ एकदम नियमानुसार होती. खालचा आकडा स्वच्छ वाचता येत होता.

लेक दुसऱ्या दिवशी आली. तिनं डॉक्टरीणबाईंशी बोलून घेतलं, आणि मग आईच्या उशाशी बसली. बाबांकडे तिनं बघितलं नाही. साहेब खाटेच्या पायथ्याशी उभे राहायचे. सुयांतून औषध आत जात होतं, नळीतून पाणी बाहेर येत होतं, आणि खाटेलाच काटा जोडलेला होता. त्यावर रोज आकडा उतरत होता. त्रेसष्ट, बासष्ट पॉइंट एक, एकसष्ट. पाणी निघत होतं, पण हृदयानं जे सोडलं होतं ते परत धरायला ते तयार नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी हे बाहेर, पिण्याच्या पाण्याच्या यंत्राजवळ सांगितलं. आकडा चांगला आहे, पेशंट नाही, असं काहीसं. साहेबांना हे वाक्य समजायला वेळ लागला. त्यांच्या खात्यात असं होत नसे.

पाचव्या दिवशी लेक आंघोळीला घरी गेली होती. बायको जागी होती, नाकात प्राणवायूची नळी, केस विंचरलेले. साहेब पायथ्याकडून उशाशी आले.

"तुला एक सांगायचंय."

"सांगा."

"रविवारचा तो आकडा खरा होता. चौसष्ट पॉइंट दोन. मी खोडायला नको होता. फोन करायला हवा होता. मला माहीत होतं, फोन करायला हवा ते. तू रडत होतीस म्हणून... म्हणजे, तू रडत होतीस हे कारण नाही. मी खोडला."

तिनं नाकातली नळी सरळ केली. यंत्र आपलं टिक टिक करत होतं.

"म्हणजे ते पाणी होतं?" तिनं विचारलं.

"हो."

"सगळं?"

"सगळं."

"मी जाड झाले नव्हते."

"नाही."

"आणि मी आठ-दहा दिवस अर्धपोटी राहिले." तिनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. "तुमच्याकडे बघून."

साहेबांनी खाटेची कड धरली.

"आग लागो तुमच्या काट्याला," ती म्हणाली, पण रागानं नव्हे. घसा कोरडा होता तिचा. "मला भूक लागलीय."

"जेवण येईल आता."

"ते नको. चव ना ढव, नुसता लगदा. अंडं आणा मला उकडलेलं. वर मीठ घालून. नुसतं लावलेलं नको, मीठ दिसलं पाहिजे."

साहेब सिस्टरच्या टेबलाशी गेले. सिस्टर म्हणाली, "मीठ? काका, त्यांना मीठ बंद आहे. मीठ पाणी धरतं." मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ती उठली आणि डॉक्टरीणबाईंना बोलावून घेऊन आली. बाईंनी दारातूनच आत बघितलं. मग फाइल बघितली, खरं तर नुसती उघडली.

"द्या," त्या म्हणाल्या.

"किती?" साहेबांनी विचारलं.

"त्यांना हवं तेवढं."

साहेब जागचे हलले नाहीत. "हे लिहून द्याल?"

"नाही, काका," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "हे लिहून देत नाहीत."

उपाहारगृह तळमजल्यावर होतं. तिथल्या माणसानं अंडं सोलून कागदी बशीत ठेवलं आणि मिठाची डबी घेऊन विचारलं, "बस्स?"

"अजून," साहेब म्हणाले.

तिनं सगळं अंडं खाल्लं. सावकाश, घासाघासाला थांबत, पण सगळं. बशीत उरलेलं मीठ बोट ओलं करून टिपलं आणि तेही चाटलं. मग पाण्याचा एक घोट मागितला, आणि त्यांना म्हणाली, "बसा की आता. सकाळपासून उभे आहात."